सोडलेली बाहुली

बाहुलीच्या लाल किमोनोच्या खालच्या काठावर चार मिलिमीटर रुंदीची पांढरी रेघ उमटली होती. मिसाओ कुनिएदाने पट्टी लावून ती मोजली, आकडा वहीत लिहिला आणि पुढे 'साबण असावा' अशी नोंद केली.

क्योतोच्या त्या स्टुडिओत नोंदी ठेवण्याचं काम तिच्याकडे होतं. कुणाची बाही कुठवर भिजली, कुणाची गाठ डावीकडे होती, हे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत जुळलं पाहिजे. चित्रपट एका बुडणाऱ्या प्रवासी बोटीचा होता. शेवटी सहा वर्षांची मुलगी बुडते, पण ती दिसत नाही. तिच्या हातून सुटलेली बाहुली तेवढी लाटांवरून कॅमेऱ्याकडे येते.

"मुलगी दाखवायची नाही," दिग्दर्शक इसुरुगी पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "बाहुली म्हणजेच मुलगी. ती दिसली की लोकांना सगळं कळलं पाहिजे."

बाहुली मात्र कॅमेऱ्याकडे येईना. स्टुडिओमागच्या हौदात विहिरीचं पाणी होतं, लाटा यंत्राच्या होत्या, बाहुली हलक्या लाकडाची. ती तरंगायला हवी होती. पण मुलीचं काम करणारी छोटी रुरी सेटवरच्या बोटीच्या डेकवरून तिला सोडायची, बाहुली पालथी व्हायची, सरळ ईशान्येच्या कोपऱ्यात जायची आणि बुडायची. पंख्याची दिशा बदलली, पोटात बूच भरलं. पुन्हा तोच कोपरा. मग आकडीने तिला वर काढायचं, शेगडीवर सुकवायचं आणि रुरीच्या हातात परत द्यायचं.

"बाहुलीला पोहता येत नाही आणि साहेबांना थांबता येत नाही," कॅमेरामन बान्नो पुटपुटला. "आपण मेलो मधल्या मध्ये."

बाहुलीचे कपडे शिवणाऱ्या तोकिए आजी शेगडीपाशी बसून होत्या. "पोरीच्या हातून पाण्यात गेलेली बाहुली परत पोरीलाच देता? आमच्या तोत्तोरीकडे मार्चात बाहुली पोरीच्या अंगावरून उतरवतात आणि नदीत सोडतात. पोरीवर यायचं ते सगळं बाहुली घेऊन जाते. नंतर मागे वळूनसुद्धा बघायचं नसतं. आणि तुम्ही आकडी लावून ओढून आणताय!"

"तुमच्या नदीवर कॅमेरा नव्हता ना, आजी."

"नव्हता, म्हणून पोरी जगल्या."

बान्नो हसला. मिसाओ हसली नाही. दुसऱ्या दिवशी रेघ बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत चढली होती.

मिसाओ कॉलेजात तीन वर्षं रसायनशास्त्र शिकली होती. फिल्म धुण्याच्या खोलीतून तिने सिल्व्हर नायट्रेटची बाटली आणली. हौदाच्या पाण्यात थेंब टाकला. पाणी जेमतेम धुरकटलं. किमोनोचा काठ चमचाभर शुद्ध पाण्यात बुडवून त्यात थेंब टाकला, तर दूध फाटावं तशी पांढरी साय जमली. अशी साय मिठामुळेच जमते; काठावर मीठ होतं. समुद्र तिथून चाळीस किलोमीटरहून लांब.

कारण तिला लगेच सापडलं. सेटवर काही अशुभ घडू नये म्हणून कामगारांनी चारही कोपऱ्यांत मिठाच्या ढिगल्या ठेवल्या होत्या. तिने त्या उचलायला लावल्या, जमीन धुवून घेतली. त्या रात्री ती शांत झोपली.

सकाळी रेघ कमरपट्ट्यावर होती.

आता सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? मिठामुळे चित्रण थांबवा? नोंदी ठेवणारीने मत द्यायचं नसतं, हे इसुरुगींनी तिला आठ वर्षांत दोनदा ऐकवलं होतं. रोज संध्याकाळी ती पानाच्या तळाशी लिहायची, 'उद्या सांगायचं.' वहीत अशी तीन पानं झाली. टेक एकोणीस झाले. इसुरुगींचा आवाज बसला, दोन सहायक काम सोडून गेले. रेघ छातीवर आली, मग हनुवटीवर.

सहाव्या दिवशी रेघ उरलीच नव्हती. भांगापासून पायापर्यंत बाहुली पांढुरकी झाली होती. आणखी काही मावायला तिच्यावर जागाच नव्हती.

इसुरुगींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि बाकावर टाकली. "बास झाली प्रतीकं! मुलीलाच उतरवा. तीन सेकंद पाण्याखाली, मग बाहेर. पाणबुड्या आहेच."

रुरीच्या आईने मान डोलावली. तोकिए आजी उठल्या आणि बाहेर निघून गेल्या.

रुरी डेकवरच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. अंगात नवा लाल किमोनो, आत्ताच पेटीतून काढलेला. घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मिसाओ गाठीची नोंद घ्यायला तिच्यापुढे गुडघ्यावर बसली.

"ताई, पाणी गार असेल?"

"थोडं."

"मला तहान लागलीय." रुरीने ओठांवरून जीभ फिरवली. "ओठ खारट लागतायत."

"रडलीस का?"

"नाही तर. मी कशाला रडू?"

मिसाओने तिच्या किमोनोचा काठ उचलून उजेडात धरला.

कापड कोरडं होतं. रुरी अजून पाण्याजवळ गेलीही नव्हती.

तिने पट्टी लावली. चार मिलिमीटर.

"कुनिएदा!" खालून इसुरुगी ओरडले. "टेक नंबर?"

हात हलला असेल म्हणून तिने पट्टी पुन्हा लावली.

सहा.

लाटांचं यंत्र सुरू झालं. पाणबुड्याने शिडीवरून हात वर केला, आणि रुरी खुर्चीतून उतरली.

"कुनिएदा, नंबर सांगा! झोपलात का?"

मिसाओने वही मिटली. रुरीचं मनगट तिने घट्ट धरलं. ते गार पडलं होतं.

"नंबर नाही," ती म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. "रुरी पाण्यात उतरणार नाही. बाहुली आज नदीत सोडायची. आणि कुणीही तिला परत आणायचं नाही."