भाऊसाहेबांना कोणी मारलं

रविवारी दुपारी चार वाजता वेळवाडीत कुणाच्या घरी जाऊन उपयोग नसे. १९६३ सालच्या त्या हिवाळ्यात त्या वेळी निम्मं गाव दाजीच्या दुकानाच्या ओट्यावर असायचं. दाजीच्या भावाने मुंबईहून बॅटरीवर चालणारा रेडिओ आणून दिला होता. तांदळाच्या पिंपावर रेडिओ, रेडिओवर क्रोशाचा रुमाल आणि समोर दाटीवाटीने बसलेली माणसं. समुद्र माडांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर.

मालिकेचं नाव होतं ‘माडीवरचं बिऱ्हाड’. पहिल्याच भागात भाऊसाहेब नावाचे वकील गिरगावातल्या आपल्या घराच्या जिन्यात मरून पडलेले सापडले, आणि पुढचे भाग मागे जाऊन त्यांच्या मरणाआधीची हकीगत सांगू लागले. घरात माणसं तीनच. भाऊसाहेब, त्यांची विधवा बहीण विमल आणि कारकून सदाशिव. म्हणजे मारणारा उरलेल्या दोघांतलाच. पंधरा मिनिटं ऐकायचं आणि मग तासभर भांडायचं, असा नेम पडला होता.

“कारकुनान मारल्यान,” खाडीवर होडी चालवणारा तरीवाला धोंडू म्हणे. “धा वर्सां शिव्ये खाल्ल्यान. येक दिवस हात उठलो.”

“तो कसलो मारता? तेची मान सदाच खाली,” मासे विकून परतताना टोपली पायरीवर ठेवून बसलेली हौसाबाई म्हणाली. “त्या घरात विमलच काय ती खरी. ती बोलणा नाय, म्हणान तुमका दिसणा नाय.”

“विमल कशाला मारील?” गुरुदासमास्तरांनी विचारलं. ते गावचे पोस्टमास्तर. वादात ते नेहमी शुद्ध बोलत. “अकरा वर्षं भावाने सांभाळलं. अन्न, वस्त्र, छप्पर. तिला हेतूच नाही.”

“खावक घातल्यान म्हणान काय झाला? घराची चावी कोणाच्या कमरेक होती, ता सांगा मास्तरानु.”

सगळे हसले. मास्तरही हसले, आणि त्यांचा हात नकळत जानव्याला बांधलेल्या चावीकडे गेला. ती टपालाच्या कपाटाची चावी होती.

मास्तरांची बहीण जानकी अकरा वर्षांमागे विधवा होऊन माहेरी आली होती. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घर तिनेच उचललं. दाजीच्या दुकानावर ती येत नसे. मास्तरांनी नको म्हटलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

आणि त्या कपाटात, जुन्या वह्यांच्या मागे, जानकीच्या नावाची तीन पत्रं होती. रत्नागिरीला तिची नणंद सुगंधा शिवणवर्ग चालवत होती. तिला हाताखाली भरवशाचं माणूस हवं होतं. ‘ये, इथे राहा, आपल्या पायांवर उभी राहा,’ असं तिने वर्षभरात तीनदा लिहिलं होतं. पहिलं पत्र मास्तरांनी दोन दिवसांनी देऊ म्हणून बाजूला ठेवलं होतं. दोन दिवसांनी द्यायला गेले असते तर उशीर का झाला ते सांगावं लागलं असतं. पुढची दोन आपसूक पहिल्यामागे गेली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्या कुणाचं साधं कार्डही एक दिवस अडवलं नव्हतं.

आठव्या भागाच्या दिवशी सकाळी जानकी भाकरी थापताना म्हणाली, “दादानु, सुगंधावन्सांचा काय पत्र नाय मां?” मास्तर म्हणाले, “नाय. उगाच इचार करू नको. तुका हय काय कमी आसा?”

दुपारी रेडिओवर विमलने विचारलं, “भाऊ, माझं काही पत्र आलं का हो?” आणि भाऊसाहेब म्हणाले, “नाही. उगाच विचार करू नकोस. तुला इथे काय कमी आहे?” मग कुठेतरी लाकडी कपाटाचं दार करकरलं.

चारचौघांच्या घरात बोललं जाणारं वाक्य, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं. पण ओट्यावर वाद पेटला.

“पत्रां लपयल्यान मेल्यान!” धोंडू म्हणाला. “कित्याक पण? वकील माणूस. तेका बहिणीचा काय भय?”

“भयच तर. ती गेली तर तेका भाकरी कोण घालतला?” हौसाबाई म्हणाली. “तुमका वाटता जोर तेचो. जोर तिचो आसा रे. तिका ठावक नाय, इतक्याच.”

त्या दिवशी मास्तर वाद संपायच्या आधीच घरी गेले.

पुढच्या रविवारी ते जाणार नव्हते. पण चार वाजले तसे पाय दाजीच्या दुकानाकडे वळले. भाग सुरू झाला तो शांततेतच. चावी फिरल्याचा आवाज. कपाट. वह्या बाजूला सरकवल्याचा आवाज. मग भाऊसाहेबांचा आवाज, अगदी हलका, स्वतःशी मोजणारा.

“एक. दोन. तीन.”

जरा थांबून, “चार?”

“चौथा कोणाचा?” दाजीने विचारलं. मास्तर तोवर ओटा उतरून गेले होते.

टपालकचेरी त्यांच्याच घराच्या पडवीत होती. त्यांनी कपाट उघडलं, वह्या काढल्या.

पत्रं चार होती.

चौथं मास्तरांच्या नावाचं होतं. तिकिटावर वेळवाडीचाच शिक्का, आणि तारीख पुढच्या रविवारची. रविवारी टपाल बंद असे. शिक्क्यातले आकडे रोज सकाळी ते स्वतः बदलत, आणि शिक्का याच कपाटात असे. त्यांनी तो काढून पाहिला. त्यावर काल शनिवारी लावलेलीच तारीख होती.

पाकिटावरचं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

आत एकच ओळ होती. ‘विमल त्या दिवशी घरात नव्हती.’

मास्तरांनी चौथं पत्र पुन्हा वह्यांच्या मागे सरकवलं. मग तीन पत्रं घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि जानकीच्या पुढ्यात ठेवली.

तिने तिन्ही वाचली. चुलीवरचा भात उतू जाऊ लागला, तो उतरवला, आणि पुन्हा वाचली.

“कधी इली ही?”

“पयला शिमग्यात.”

जानकीने बोटांवर महिने मोजले. “शिमगो जावन धा म्हयने झाले दादानु,” एवढंच ती म्हणाली. मग, “शनिवारच्या एश्टीन जातंय मी.”

“जा,” मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. कपाटातलं चौथं पत्र त्यांनी संध्याकाळी फाडून चुलीत घातलं.

शनिवारी तिची पेटी त्यांनीच थांब्यापर्यंत नेली. गाडी सुटताना तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, “पेज येळेर खावा.”

दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग होता. ओट्यावर उभं राहायलाही जागा नव्हती. विमलच्या पायांचा आवाज जिना उतरत गेला, दार लागलं. मग बराच वेळ काही नाही. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी चालू लागलं, जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबलं, आणि त्याच क्षणी रेडिओ बंद पडला. बॅटरी संपली होती. दाजीने पेटीवर थापा मारून पाहिल्या.

“आता कसा कळतला कोणी मारल्यान ता?” धोंडू हळहळला. “विमलनच. दार लावन परत इली आसतली.”

“ती घरात नव्हती,” मास्तर म्हणाले. “कोणी मारूक नाय तेका.”

ओट्यावर मास्तर मालवणीत बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हौसाबाईने टोपली उचलली आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, “जेवलास काय रे बाबा?”

नवी बॅटरी आली तोवर त्या वेळेला भजनं लागू लागली होती. ओटा रिकामा झाला. मास्तर स्वतःची पेज स्वतः करायला शिकले.

महिन्याभराने, एका शनिवारच्या थैलीतून जानकीचं पत्र आलं. मास्तरांनी ते रविवारसाठी राखून ठेवलं आणि दुपारी, पेज खाऊन, पडवीच्या पायरीवर बसून उघडलं.

‘तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. पंधरा मुली शिकायला येतात. हात सुरुवातीला दुखत, आता दुखत नाहीत. तुमच्यावर राग नाही, असे लिहिणार होते, पण खोटे लिहवत नाही. कमी झाला आहे.

इथे रविवारी चार वाजता सगळ्याजणी रेडिओभोवती बसतात. तुम्ही दाजींकडे ऐकत होता तीच मालिका असावी. मी पहिल्यांदाच ऐकली. त्यातले भाऊसाहेब एकटे जिन्यात बसून पाणी मागत होते. मुली वाद घालत होत्या की बहीण येईल की नाही. मला मात्र तो आवाज फार ओळखीचा वाटला, म्हणून लगेच लिहीत आहे. वन्सं म्हणतात शेवटचा भाग येत्या रविवारी आहे. तब्येत सांभाळावी.’

मास्तरांनी कागदाची घडी केली. इथे शेवटचा भाग महिन्यामागेच झाला होता, आणि पत्रातला ‘येता रविवार’ आजच होता. आतल्या घड्याळात चारचे ठोके पडले. माडांच्या सावल्या अंगणात लांब झाल्या होत्या आणि समुद्र नेहमीसारखा गाजत होता. घसा कोरडा पडला होता, छातीत काहीतरी दाटल्यासारखं वाटत होतं. उठावं असं त्यांच्या मनात आलं, पण पाय हलेनात.

सवयीने त्यांनी आत तोंड करून हाक मारली.

“जानके, पाणी हाड गो.”

आणि मग, लांब कुठेतरी कुणी रेडिओचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून बाकीच्यांना गप्प करावं, तसा समुद्र गप्प झाला.