गळाला लागेल ते ज्याचं त्याचं

हातात मेलेला मासा धरून, पाण्याखाली, तुम्ही कधी कुणाला पहिल्यांदा भेटलाय? मी भेटलेय.

शनिवारची सकाळ. तळ्यातल्या लाकडी जेटीखाली मी बाबांच्या गळाची दोरी चाचपत होते. हिरवट, गढूळ उजेड... आणि समोरच्या खांबाआडून एक माणूस आला. डोळ्यांवर पोहायचा चष्मा, गाल टम्म फुगलेले, आणि हातात — मासा! तोही मेलेला!

मी किंचाळले. पाण्याखाली किंचाळलं की नुसते बुडबुडे निघतात. त्याचेही निघाले.

दोघंही धडपडत वर आलो, ते जेटीच्या फळ्यांखाली, जिथे जेमतेम डोकं मावत होतं.

"कोण हो तुम्ही?" मी कुजबुजले.

"हळू! वर माझे बाबा बसलेत."

"वर माझेपण बाबा बसलेत!"

फळीच्या फटीतून दोन जोड्या चपला दिसत होत्या. एक बाबांची. दुसरी काटेकाकांची. म्हणजे हा काटेकाकांचा मुलगा! बाहेरगावी शिकून जनावरांचा डॉक्टर झालेला, इथे मात्र आजवर कधीच न आलेला, ज्याच्याबद्दल मी लहानपणापासून फक्त ऐकत आले होते.

दोन्ही घरं दरवर्षी या तळ्यावर दोन दिवस येतात. बाकीचे बोटी पळवतात, पाण्यात पडतात. हे दोघे मात्र जेटीवर गळ टाकून शर्यत लावतात. काटेकाका वजनमापे खात्यातून रिटायर झाले, पण स्वतःचा तराजू अजून सोबत असतो. माझे बाबा शाळेत पी.टी.चे सर. गेल्या वर्षी त्यांच्या गळाला बूट लागला. बाबा तो परत फेकत होते, तर काटेकाकांनी हात धरला. "नियम म्हणजे नियम, पीटी. गळाला लागेल ते ज्याचं त्याचं. घेऊन जा घरी."

सगळे हसले. बाबाही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला टांगली, ती टांगलीच. त्याच वर्षी तेही रिटायर झाले, शाळा सुटली. मग सकाळचं फिरणं सुटलं, मग बोलणं. या वेळी निघताना म्हणाले, "आता काही मिळालं नाही, तर गळ देऊन टाकतो कुणालातरी. माझ्याच्यानं होत नाही."

म्हणून हा मासा. मी पोहायला शिकवते, दम बराच टिकतो. पाण्याखालून जायचं, मासा गळाला अडकवायचा, दोरीला हिसका द्यायचा. बस्स!

"तुमचं काय कारण?" मी विचारलं.

"आमचे बाबा हरले की वर्षभर घरात प्रत्येक गोष्ट मोजतात. माझी पोळीसुद्धा." त्याने माझ्या माशाकडे निरखून पाहिलं. "डॉक्टर म्हणून सांगतो, तुमचा पेशंट परवाच गेलाय."

"तुमचा काय मॉर्निंग वॉकला निघाला होता?"

"तसं नाही, पण तुमच्या पेशंटचं ऑपरेशनपण झालंय."

मी मासा उलटा केला. पोट चिरलेलं, आत साफ... आई! मासा तिनंच आणून दिलेला. सवयीनं मासेवालीला म्हणाली असणार, साफ करून द्या हो! या माशाने मी बाबांची इज्जत वाचवणार होते!

मला एवढं हसू आलं की हातातला मासा सुटला. त्याचाही सुटला. दोन्ही मासे तरंगत बाहेर गेले, आणि वरून काटेकाकांचा आवाज आला, "अरे पीटी, तू नुसता गळ टाकलास तर मासे मरून वर यायला लागले की रे!"

फटीतून दिसणाऱ्या बाबांच्या चपला हळूच मागे सरकल्या. डॉक्टर माझ्याकडे बघत होता. हसणं थांबवून.

"उद्या," तो हळूच म्हणाला, "मासे मी आणतो. सारख्या वजनाचे. बरोबरी करून टाकू."

संध्याकाळी कट शिजवायला आम्ही होडीत बसलो. ती जागेवरच गोल गोल फिरायला लागली.

"डावा हात मारा, डॉक्टर! डावा!"

"समोर तुम्ही बसलात की डावा-उजवा कळत नाही हो."

"म्हशींना इंजेक्शन देतानाही असंच होतं का?"

"म्हशी अशा बघत नाहीत..."

मी पटकन पाण्याकडे पाहिलं. पाण्यातही तोच दिसत होता. आता काय करावं माणसानं?

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. म्हणजे फसणारच होतं. कुणी लबाडी करू नये म्हणून अदलाबदल: मी काटेकाकांच्या गळापाशी, डॉक्टर माझ्या बाबांच्या. तेवढ्यात आमच्यासोबत आलेल्या माझ्या मैत्रिणी आणि मावशी बसलेली बनाना बोट जेटीजवळून वळली. मावशीने पर्स सांभाळायला दोन्ही हात सोडले... आणि अख्खी बोट उलटली! लाट आली, मी खांबावर आपटले, हातातला मासा गेला. वळून बघते तर डॉक्टर पाठमोरा वर वर चाललेला!

"लागला!" वर बाबा ओरडले. "काट्या, मोठा आहे रे! लई मोठा!"

मी शिडी धरून वर आले तेव्हा बाबा काठीसकट मागे झुकले होते, आईने त्यांना कमरेला धरलं होतं, आणि पाण्यातून, मानेमागे टी-शर्टात गळ अडकलेला, हातात कडक गोठलेला मासा धरलेला डॉक्टर बाहेर येत होता.

कुणी हललंच नाही. मावशीसुद्धा पर्स वर धरून पाण्यात उभीच्या उभी.

"हा... हा मासा नाहीये," काटेकाका कसेबसे म्हणाले. "हा आमचा मुलगा आहे."

बाबांनी डॉक्टरच्या हातातल्या माशाला बोट लावलं. बर्फ. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांतून पाणी गळत होतं, सगळं लगेच कळलं असणार.

"म्हणजे... तूपण?" ते म्हणाले. "मला दुकानातला मासा?"

त्यांचा चेहरा बघून वाटलं, तळ्यानं मला गिळून टाकावं. बाबा काठी खाली ठेवायला वाकले.

"काका, थांबा!" डॉक्टर अजून गळालाच होता. "मासा खोटा, कबूल. पण मला कुणी अडकवलेलं नाही. मी खराच लागलोय. तुमच्याच गळाला." मग माझ्याकडे बघून, कान लाल करत म्हणाला, "म्हणजे... कालपासूनच."

माझ्या हातातून शिडीच सुटली. पुन्हा पाण्यात!

वर आले तेव्हा काटेकाका तराजू काढत होते. "दहा किलोच्या वर याच्यात मावत नाही," ते कपाळाला हात लावून म्हणाले.

"मग हरलात भाऊजी," आई म्हणाली. "नियम तुमचाच. बूट नेला की आम्ही मुकाट्यानं!"

काटेकाकांनी मुलाकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं. आयुष्यभर मापात पाप केलेलं नव्हतं त्यांनी. "नियम म्हणजे नियम," ते पुटपुटले. "घेऊन जा, पीटी."

बाबांनी काठी पुन्हा उचलली. किती दिवसांनी त्यांचे खांदे असे ताठ दिसले!

"आपल्याला नको असलेलं आपण पाण्यात सोडतो," ते मला म्हणाले, अगदी मैदानावरच्या आवाजात. "याचं काय करू गं? सोडू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरने तर श्वासच धरला. आता इथे कसला दम धरतोस रे...

"नको, बाबा," मी म्हणाले. "ठेवा."

बाबांनी खिशात हात घातला. शिट्टी! खिळ्यावरून कधी काढली, कधी खिशात टाकली, कुणाला पत्ता नव्हता. त्यांनी छाती भरून अशी वाजवली, की मावशीची पर्स शेवटी पाण्यात पडली.