मशीन बंद असताना मोजलेला आवाज

ही गोष्ट खोटी आहे असं म्हणणारे तीन जण मला ठाऊक आहेत. तिघंही त्या दिवशी मिलमध्ये नव्हते.

जो होता, तो माझा सख्खा मामा. देविदास राठोड. मामा थापा मारणाऱ्यातला नाही. उलट त्याच्या तोंडून दोन वाक्यं काढायची तर तीन कप चहा खर्ची पडतो.

भुताच्या गोष्टी मध्यरात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. एप्रिल २००४, मंगळवार, सव्वातीन वाजता. हिंगोली-वाशिम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं तेव्हा एक पेपर मिल होती. रद्दी आणि जुने पुठ्ठे भिजवून त्यांचा लगदा करायची, आणि त्या लगद्यातून खोक्यांचा तपकिरी कागद काढायची. नाव लिहीत नाही. मालक हयात आहेत.

मामा तिथं फिटर होता.

मिलच्या दारातून आत पाऊल टाकलं की आधी आवाज अंगावर यायचा. कागदातलं पाणी ओढणारा मोठा पंप तर असा किंचाळायचा की शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त थुंकी लागायची, शब्द नाही. सगळे कानात कापसाचे बोळे घालायचे आणि हातवाऱ्यांनी बोलायचे. घरी गेल्यावरही निम्मे लोक हातानंच भाकरी मागायचे.

अशा ठिकाणी कानावर विसंबून चालत नाही. म्हणून मिलच्या दोन रीती होत्या.

एक, मामाची. बेअरिंग चांगलं आहे की गेलंय हे बघायला तो हातभर लोखंडी सळई घ्यायचा. एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानाला. बाहेरचा सगळा गोंगाट बाजूला राहायचा आणि लोखंडाच्या आतला आवाज तेवढा कानात यायचा. मामाचं निदान चुकलं असं कधी झालं नाही. याचा त्याला गर्व होता. मला वाटतं, जरा जास्तच होता.

दुसरी रीत टाकीची. लगद्याच्या टाक्या विहिरीसारख्या खोल. साफ करायला माणूस आत उतरला, की त्याच्याजवळ एक पाना द्यायचा आणि बाहेर एक माणूस टाकीच्या पाइपवर तळहात ठेवून उभा करायचा. आतल्यानं पाइपवर तीन ठोके मारले, म्हणजे थांबव, पंप बंद कर. ठोके ऐकू यायचे नाहीत. ते तळव्याला कळायचे.

आतल्याचा जीव बाहेरच्याच्या तळहातावर.

आता माझ्या मावशीचा नवरा, फुलसिंग. मामानंच त्याला मिलमध्ये चिकटवलं होतं. २००३ च्या ऑक्टोबरात एका दुपारी तो दोन नंबरची टाकी साफ करायला उतरला...

...आणि त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

त्या दिवशी पाइपवर हात ठेवून सुपरवायझर संतराम उभा होता. तो म्हणाला, "तीन वाजता वर आला. हातपाय धुतले. अन् मागच्या भिंतीवरून गेला निघून. सुरतला जायचं म्हनत होता कवापासून."

मामाच्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. फुलसिंग घरी न सांगता वाशिमलाही जात नसे, सुरत तर दूरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतरामनं बाहेरची माणसं आणून दोन नंबरची टाकी परत उपसली. सगळा लगदा मागच्या खड्ड्यात लोटला.

मामानं विचारलं, "साहेब, काल साफ केलेली टाकी आज परत काहून?"

"माल खराब झाला होता."

"एका रातीत?"

"देविदास, तुझं काम बेअरिंगचं. टाकीचं न्हाई."

मामानं खड्डा काठीनं ढवळून पाहिला. सापडलं काहीच नाही. चप्पल नाही, बनियनचा तुकडा नाही, पानासुद्धा नाही. पोलिसांत नोंद झाली, 'बेपत्ता'. पुढं सहा महिने संतरामनं ताकास तूर लागू दिली नाही.

इकडं साखरा गावाजवळच्या आमच्या तांड्यावर मिरामावशीचं काय करायचं हा प्रश्न होता. नवरा पळाला म्हणावं, तर बांगड्या ठेवायच्या. मेला म्हणावं, तर उतरवायच्या. ती म्हणायची, "दादा, मला खरं काय ते आणून दे. जे असंल ते. मी सोसते." मामानं तिला शब्द दिला होता. आणि जे घडलं त्यामागं संतराम आहे, हे त्यानं मनात पक्कं करून टाकलं होतं.

जानेवारीत मिलच्या आवाजाची तक्रार वर गेली. वरून पत्र आलं. मालकानं नाइलाजानं त्या किंचाळणाऱ्या पंपाभोवती विटांची खोली बांधली, आतून जाड लोकरीसारखा थर लावला, पाइपांखाली रबर घातलं. अठ्ठ्याण्णव डेसिबलचा आवाज शहाऐंशीवर आला.

कामगारांनी कानातले बोळे काढले. पहिल्यांदाच एकमेकांचे आवाज ऐकले.

खूश व्हायला हवं होतं. पण आठवडाभरात दोन नंबरच्या टाकीजवळ कुणी उभं राहीना. विचारलं तर नीट सांगत नव्हते. एक जण एवढंच म्हणाला, "तिथं हात ठिवू वाटत न्हाई पाइपवर."

मग तो मंगळवार आला.

औरंगाबादहून सोमेश्वर नावाचे एक गृहस्थ आवाज मोजायला आले. पन्नाशीचे, चष्मेवाले, फार काटेकोर. हातात टॉर्चएवढं यंत्र, वर आकडे. त्यांनी सगळीकडं मोजलं आणि म्हणाले, "आता मशीन पूर्ण बंद करा. नुसत्या इमारतीचा आवाज किती, तोही लिहावा लागतो."

मेन स्विच खाली ओढला. एकेक चाक थांबत गेलं.

मामा सांगतो, दहा वर्षांच्या नोकरीत त्यानं ती शांतता पहिल्यांदा ऐकली. पत्र्यावरची चिमणी ऐकू येत होती.

यंत्रावर आकडा होता शेहेचाळीस. सोमेश्वर एकेका जागी थांबत, लिहीत चालले. मामा आणि संतराम मागं.

दोन नंबरच्या टाकीजवळ सव्वातीन वाजले...

आकडा अठ्ठ्याहत्तरवर गेला.

परत शेहेचाळीस.

परत अठ्ठ्याहत्तर.

परत शेहेचाळीस. आणि तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर.

सोमेश्वरांनी मान वर केली. "कुणी काही आपटलं का?"

कुणी काहीच ऐकलं नव्हतं. चिमणी तेवढी चिवचिवत होती.

त्यांनी यंत्रातले सेल बदलले. परत धरलं. परत तीनदा आकडा उसळला... थांबला... परत तीनदा. "पाच पावलं मागं गेलो की ठीक दाखवतंय," ते पुटपुटले. "कानाला काहीच नाही आणि यंत्राला आहे. असं होत नसतं."

आणि मामानं एक गोष्ट पाहिली. आकडा पहिल्यांदा उसळायच्या आधी संतरामनं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं होतं.

आधी.

"बंद करा ते डबडं!" संतराम एकदम ओरडला. "खराब हाय ते." त्याच्या कपाळावर घाम तरारला होता.

मामाला वाटलं, सापडला. सहा महिन्यांनी सापडला. त्याची गचांडी धरायला मामानं हात उचललाच होता, पण आधी पुरावा हवा होता. टाकीला लागून तिच्यात लगदा ढकलणारा पंप होता. बंद, थंड. मामानं कोपऱ्यातली सळई घेतली. एक टोक पंपाच्या बेअरिंगवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं...

ठक. ठक. ठक.

थोडी शांतता.

ठक. ठक. ठक.

आत कुणीतरी पाना मारत होतं. नेमानं, तीन तीन. थांबव. थांबव.

मग ठोके जवळजवळ यायला लागले. तिनाचा हिशोब सुटला. ठकठकठकठक... न थांबता, वेड्यासारखे, एकसारखे.

आणि मामाच्या हातातली सळई गळून पडली.

कारण हा आवाज त्यानं आधी ऐकला होता.

ऑक्टोबरातल्या त्याच दुपारी, सव्वातीनला, याच पंपाला त्यानं नेहमीसारखी सळई लावली होती. पंप चालू होता. टाकी भरत होती. आत एकसारखी ठकठक ऐकू आली होती. तीन ठोके असते तर त्याला कळलं असतं. पण बुडणारा माणूस तीन मोजत बसत नाही. आणि बेअरिंग गेलं की असंच वाजतं. आणि फुलसिंग तीनलाच वर आला असं संतरामनं त्याच दुपारी सांगितल्यावर त्यानं हा आवाज त्याच्याशी जोडलाच नाही. मामानं वहीत लिहिलं, 'बेअरिंग खराब'. पंप बंद करायचा तर सगळी मशीन थांबली असती. म्हणून त्यानं ग्रीसची पिचकारी आणली आणि बेअरिंगमध्ये ग्रीस भरत राहिला, भरत राहिला...

हळूहळू ठकठक बंद झाली.

मामा खूश झाला होता. स्वतःच्या हातावर.

संतराम त्याच्याकडं बघत होता. किती वेळ कोण जाणे. मग अगदी हळू म्हणाला, "मी चहाला गेलो होतो, देविदास. दहाच मिनिटं. मागून कुनी पंप चालू केला मला म्हाईत न्हाई. पन मी आलो तवा तू हितं बसला होतास. ग्रीस मारत."

मामानं परत त्याची गचांडी धरायला हात उचलला नाही.

खरं काय, खोटं काय, देव जाणे. माझा संतरामवर आजही विश्वास नाही. पंप त्यानंच चालू केला असेल, असं मला वाटतं. नाहीतर सव्वातीनला घड्याळ बघायची सवय कशाला लागेल? त्याच संध्याकाळी टाकी तिसऱ्यांदा उपसली. मामा स्वतः उतरला. आत पांढऱ्या फरशा, स्वच्छ. फक्त पाइपच्या तोंडाभोवतीच्या फरशा आतल्या बाजूनं चेचलेल्या. माणूस कुठं गेला, हाडं कुठं गेली, याचं उत्तर नाही. दुसऱ्या दिवसापासून संतराम कामावर आला नाही. सोमेश्वरांचा अहवाल महिन्यानं आला, त्यात दोन नंबरच्या टाकीपुढची जागा कोरी होती.

मामा तांड्यावर आला. मी तेव्हा सतरा वर्षांचा, दारातच बसलो होतो. आम्ही घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो, इथं मराठीत सांगतो.

मामानं मावशीला सगळं सांगितलं. संतरामचं सांगितलं. ग्रीसचंही सांगितलं, लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "मिरा, त्यो मेला. मी मारला म्हन. बांगड्या उतरव आता."

मावशी रडली नाही.

"किती वेळ वाजत होतं, दादा?"

मामा खाली मान घालून म्हणाला, "ग्रीसचा डबा सरेपत्तूर."

ती बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडं बघत बसली. मला वाटलं, आता फोडते. पण तिनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"मेला म्हनतोस," ती म्हणाली. "मंग आज ठोकून कोन राहिलं?"

मामा उठायला लागला, तर तीच पुढं म्हणाली,

"त्यानं थांबव म्हनून ठोकलं, तुमी थांबवलं न्हाई. अजून ठोकून राहिला. अन् मी बांगड्या उतरवू?"

मामा त्या मिलमध्ये परत गेला नाही. मिल २००९ मध्ये बंद पडली. भंगारवाल्यानं पंप नेला, पाइप कापून नेला. ते लोखंड कुठं वितळलं आणि आता कुणाच्या घरात काय होऊन बसलंय, कुणास ठाऊक. मी या गोष्टीचा विचार करत नाही. करायचा नाही असं ठरवलंय.

मावशी आता साठीला आली. दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले आहेत. तांड्यात बायका कुजबुजतात. तिला कुणी तोंडावर विचारत नाही, आणि मामा तिच्या घरी जातो तेव्हा ओट्यावरच बसतो, आत जात नाही.