एकशे वीस व्होल्टचं स्थळ

"हे तापलंय का?" असं विचारत त्यानं हात थेट सोल्डरिंग आयर्नकडे नेला... आणि मी त्याच्या मनगटावर सणसणीत फटका मारला.

मुसाची आणि माझी ही पहिली भेट. चिपळूणच्या बाजारात अब्बांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, दुरुस्ती करते मी, आणि हा सौदीतल्या दम्मामहून रजेवर येऊन आईचा टेप घेऊन आलेला. सॉरी म्हणायचं सोडून हसत होता मेला!

"हात जड आहे गो तुझा."

टेप दुसऱ्या दिवशी झाला. तरी रजा संपेपर्यंत हा रोज हजर. मग वर्षभर दुकानाच्या पत्त्यावर पत्रं. खोटं कशाला बोलू... पोस्टमन दिसला की माझं कामात लक्ष नसायचं.

२००३च्या रजेत तो मोठं खोकं घेऊन आला. मी आतून चहा आणते तोवर उघडून टेबलावर मांडलंही. नवंकोरं सोल्डरिंग स्टेशन! टोक हवं तेवढंच तापवणारं.

"थांब, मी आधी—"

त्यानं बटण दाबलं. फट्! धूर, जळका वास. मी प्लग उपटला.

"मागे काय लिहिलंय? एकशे वीस व्होल्ट! आपल्याकडे दोनशे तीस. मला विचारायला काय झालं होतं?"

"तिकडे तर बरोबर चाललं गो..."

अब्बा काउंटरवरून म्हणाले, "ओरडतेस काय त्याला? काल तू दुकानात होतीस तेव्हा घरी येऊन तुला मागितलंन. मी हो म्हटलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हेही मला न विचारता!

"उद्या माझं हे टेबलही उचलाल दोघं! आणि मला दम्मामला नेऊन ठेवाल, न विचारता!"

मुसा मान खाली घालून गेला. मला रडू फुटलं. जीव होता त्याच्यावर, म्हणूनच संताप जास्त.

तीन दिवस मी ते स्टेशन उघडून बसले. जळालेला ट्रान्सफॉर्मर काढून आपल्या विजेवर चालणारा बसवला. चौथ्या दिवशी मुसा दारात. आत येईना.

"येऊ?"

"ये."

"काय करू?"

"चष्मा लाव. खिडकी उघड, धूर नाकात जायला नको. टोक पुसायचा स्पंज भिजव. अर्थिंग बघ, मग बटण."

एकेक करताना तो विचारत होता, "आता?" शेवटी आयर्न हातात धरून तसाच थांबला.

"झरीन... माझ्याशी निकाह करशील? दुकान तुझं तुझ्याकडेच. दोन वर्षांत मीच कायमचा परत येईन... चालेल तुला?"

माझा राग अजून उतरला नव्हता.

"अब्बा, तुमचा तो होकार आधी परत घ्या."

अब्बा गडबडले. "घेतला बाय, घेतला!"

मी मुसाकडे वळले. "हो. मी हो म्हणतेय."

तो हसत पुढे झुकला, माझा हात धरायला...

"आधी ते आयर्न स्टँडमध्ये ठेव!"