मेजरच्या वाटपेशी

प्रयोगशाळेतल्या काचेच्या डबीत मेजरची घरची वाट ठेवली होती. दिसायला ती साबुदाण्याच्या पातळ खिरीसारखी होती.

"ही?" लहू आखाडेने विचारलं.

"हीच," डॉक्टर शर्वाणी गुंजाळ म्हणाल्या. "अजून कोरी आहे. भरायची तू."

काचेच्या भिंतीपलीकडे लहूचा घोडा मेजर रुंद पट्ट्यांच्या झोळीत उभ्याउभ्या झोपला होता. काळमाथ्यावर त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. त्या डोंगरावर मोटारींना बंदी. पाहुणा असो, गॅसची टाकी असो, आजारी म्हातारा असो, सगळं घोड्याच्या पाठीवरून वर जायचं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी धुकं होतं, लहू मेजरला पाठीवर नुसती झूल टाकून मोकळाच घरी नेत होता, आणि कड्याच्या वळणावर मेजरच्या पायाखालची कड सुटली. दोर लहूच्या हातातून सरसरत गेला. मेजर खालच्या टप्प्यावर डोक्यावर आपटला.

हाडं जुळली. पण शुद्धीवर आल्यावर तो बादलीपाशी पाणी प्यायला जायचा आणि तिथेच उभा राहायचा. परत कुठे जायचं ते कळायचं नाही.

"बाकी डोकं शाबूत आहे त्याचं," डॉक्टर म्हणाल्या. "तुला ओळखतो, गूळ ओळखतो. वाटा लक्षात ठेवणाऱ्या पेशी तेवढ्या मेल्या. आम्ही त्यांना वाटपेशी म्हणतो. त्यांच्याबरोबर ते पडणंही पुसलं गेलं, तेवढं एक बरं झालं."

"नव्या पेशी मी त्याच्याच कातडीपासून वाढवल्यात," ब्रायन डाबरे म्हणाला. तो वसईचा, हॉस्पिटलचा मेंदूतंत्रज्ञ. बोलताना हातातला चहा सांडायची त्याला सवय होती. "पण नव्या पेशीला तुझं घर कुठे ठाऊक? कोणीतरी चालून दाखवायला पाहिजे."

"मोबाईलवर शूटिंग काढून देतो की."

"चित्राने भागत नाही रे. वाट पायात असते, मानेत असते. कुठे वळलास, कुठे दम खाल्लास, कुठे बघितलंस." डाबरेने एक काळा पट्टा पुढे केला. पुढच्या बाजूला टिकलीएवढा चकचकीत मणी होता. "हा चालपट्टा. कपाळाला बांधायचा आणि मोटारतळापासून घरापर्यंत चालायचं. पट्टा तुझ्या डोक्यात उमटलेली वाट उचलतो. ती आपण मेजरच्या झोपेत त्याच्या वाटपेशींत भरतो. तुझ्या दोन पायांची चाल त्याच्या चार पायांत बसवायचं काम माझं."

"मग दुसऱ्या घोड्यालाच बांधा ना. चार पाय आयतेच."

डाबरे हसला. "केलं होतं. तो पेशंट इथून निघाला आणि सरळ त्या दुसऱ्या घोड्याच्या मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला. हलेचना. घोड्याची घरची ओढ पण भरली गेली ना त्याच्यात."

डॉक्टर हसल्या नाहीत. "माणसाचं असलं काही भरलं जाणार नाही कशावरून, ब्रायन?"

"माणसाला सांगितलं की माणूस ऐकतो, मॅडम. लहू, मनात काही आणायचं नाही. सरळ चालायचं."

लहूने मान हलवली. त्याच्याबरोबर आलेली त्याची थोरली बहीण सुगंधा पुढे झाली. ती म्हणाली, "मी चालते. याचं लक्ष नसतं वाटेवर. गाणी म्हणत चालतो हा."

"ताई, गप ना."

"कोणीही चाला, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकानेच," डाबरे म्हणाला. "एका पेशीत दोघांच्या चाली गेल्या की घोडा पाय अडकून पडतो. एकदा माणूस ठरला की ठरला."

"मीच," लहू म्हणाला. "घोडा माझा आहे."

निघताना डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "एक आत्ताच सांगते. घरी जायच्या दिवशी मी बरोबर येणार. कड्याच्या वाटेने तो नीट वर गेला तर तुझा. बिचकला तर खाली आमच्या कुरणात राहील. कायमचा. तसल्या वाटेवर मी असा घोडा सोडणार नाही."

"दुसरी वाट नाही वर जायला, मॅडम."

"माहितीये. म्हणून तर."

लहू पट्टा बांधून चालला. रोज चालला. मोटारतळ, जांभळाची झाडं, टपरी, मग कड्याचं वळण, मग पठार आणि घर. टपरीवाला विचारायचा, "काय लहूशेठ, लग्न ठरलं का? मुंडावळ्या बांधून फिरताय." लहू हसायचा, पण बोलायचा नाही, कारण बोलणंही भरलं जाईल अशी त्याला भीती. गाणी तर बंदच केली.

पट्टा हॉस्पिटलात गेला, डबीतल्या पेशी मेजरच्या डोक्यात बसल्या, त्यांत वाट भरली गेली. डाबरेने फोनवर सांगितलं, "झोळीत झोपल्याझोपल्या पाय हलवतोय तुझा मेजर. सगळी वळणं जुळतात." त्या दिवशी लहू पोटभर जेवला.

मग घराची तयारी सुरू झाली आणि त्यावरून घरात रोज भांडण. मेजरच्या पेशींत घर जसं भरलं होतं तसंच ते राहायला हवं होतं. सुगंधा दर दसऱ्याला तबेल्याचं दार रंगवायची. या वेळी डबा उघडून ब्रश बुडवते तोच लहूने तिचा हात धरला.

"जुनाच रंग राहू दे. दार ओळखू आलं नाही तर?"

"अरे, पोपडे निघालेत. हॉस्पिटलातून पोर घरी येतं तेव्हा असलं दार दाखवतात का?"

"त्याला पोपड्यांसकट पाठ आहे."

निळा पिंप होता तिथेच राहिला. तुटका दिवासुद्धा लहूने बदलला नाही. फक्त आत गवताचा जाड थर घातला, घसरू नये म्हणून फरशीवर रबराच्या चटया टाकल्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कोंडा भिजवून दोनचारदा करून बघितला. पहिल्यांदा त्याचा पार चिखल झाला.

"हे मेजर खाणार?" सुगंधा म्हणाली. "तू आधी खाऊन दाखव."

हार मात्र तिने ओवलाच. "घालणार नाही. नुसता हातात धरीन," म्हणाली.

मेजर गाडीतून मोटारतळावर उतरला तेव्हा आधी त्याने लहूचा खिसा हुंगला आणि गूळ काढून घेतला. मग कोणी काही सांगायच्या आत तो वाटेला लागला. लहू सैल दोर धरून पुढे, मेजर मागे, त्याच्या मागे डॉक्टर आणि डाबरे. जांभळांपाशी मेजर वळला. टपरीपाशी थोडा थांबला, कारण लहू तिथे रोज थांबायचा. टपरीवाल्याने सलाम ठोकला. डाबरेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्याने चहा मागवला.

मग कड्याचं वळण आलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. कठडा मंजूर होऊन बरेच महिने झाले होते, पण अजून मंजूरच होता.

मेजरची चाल बदलली. तो कातळाला चिकटला. बरगड्या दगडाला घासायला लागल्या तरी तो बाजूला होईना. पुढे कातळाचा एक कोपरा बाहेर आलेला होता. माणसाला तो लागत नाही, हाताने चाचपून वळसा घालून निघता येतं. मेजर त्याच्यावर तसाच जाऊन धडकला. धक्क्याने त्याचं मागचं अंग दरीकडे फिरलं. मागच्या खुराखालचे खडे निसटले आणि खाली कुठेतरी पडत गेले.

"दोर आखड," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "ओरडू नका कोणी." त्यांनी मागून मेजरच्या पुठ्ठ्याला खांदा लावला. डाबरेने कप टाकून दिला आणि तोही रेटायला लागला. मेजरचा पाय परत वाटेवर आला. घोडा थरथरत उभा राहिला.

डॉक्टर कातळाच्या कडेने पुढे सरकल्या आणि त्याच्या तोंडापाशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ब्रायन, याने डोळे मिटलेत."

"दुखतंय का त्याला?"

"दुखत नाहीये. मिटूनच चालत होता तो. म्हणून कोपरा दिसला नाही."

"पडल्याची आठवण असणार."

"ती कुठून येणार? त्या पेशीच नाहीत त्याच्याकडे. आता जे आहे ते सगळं आपण भरलेलं."

डॉक्टरांनी मान वर करून पुढे बघितलं. लहू दोर धरून उभा होता. एक तळवा कातळावर, गाल कातळाकडे. आणि त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"लहू," डॉक्टर म्हणाल्या, "पट्टा बांधून चालायचास तेव्हाही असाच चालायचास इथे?"

लहूने डोळे उघडले नाहीत. "इथे तेवढंच, मॅडम. चार पावलं. मला खाली बघवत नाही. पण मणी उघडा होता ना कपाळावर. मी म्हटलं, कॅमेऱ्याला दिसतंय सगळं, माझ्या डोळ्यांचं काय काम."

"तो कॅमेरा नव्हता रे," डाबरे म्हणाला. "तो नुसता चालू असल्याचा दिवा. पट्टा आतलं घेतो. तू अंधार बघितलास, त्याच्यात अंधार भरला." मग तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला, "माझ्याकडे आकडे येतात, चित्र येत नाही. पावलं जुळली, वळणं जुळली. अंधार कुठल्या आकड्यात बघणार होतो मी."

मेजरला तिथून मागे न्यावं लागलं. डॉक्टरांनी आपली ओढणी त्याच्या डोळ्यांवर बांधली, म्हणजे मिटलेले काय आणि उघडे काय, आणि पावलापावलाने त्याला मागे सरकवलं. घर पठारावर समोर दिसत होतं. हार धरून दारात उभी असलेली सुगंधाही दिसत होती.

मोटारतळावर लहूने विचारलं, "दुसऱ्या कोणाची चाल भरता येईल? ताईची?"

"तुझी चाल बसली आता. त्यावर दुसरी घातली की हा चालायचाच बंद होईल," डाबरे म्हणाला. "पेशी अजून ओल्या आहेत. तेवढा तुकडा परत भरता येतो. पण तुझ्याच पायांनी."

"उघड्या डोळ्यांनी," डॉक्टर म्हणाल्या.

"नुसते उघडे नाही, मॅडम. लहू भ्यालेला असला तर भीती भरली जाईल."

डॉक्टर लहूकडे वळल्या. "पेशी घट्ट होईपर्यंत थांबते मी. दिवाळीपर्यंत. त्याच्यापुढे कुरण."

मेजर गाडीत चढताना मागे वळून बघत होता. त्याला घरची वाट आता पाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहूने पट्टा बांधला आणि कड्याच्या वळणावर आला. सुगंधा मागून येऊन वळणाच्या अलीकडे बसली. त्याने तळवा कातळावरून काढला. तळव्यावर दोराचा वण होता. एक पाऊल टाकलं. मग डोळे उघडे ठेवून खाली बघितलं.

खाली करवंदीच्या जाळीत मेजरची लाल झूल अडकलेली होती. उन्हापावसाने तिचा रंग विटून विटेसारखा झाला होता.

"झूल आहे खाली," तो म्हणाला.

"तेव्हापासून आहे," सुगंधा म्हणाली. "रोज दिसते येताजाताना. सगळ्यांना दिसते."

तो चार पावलं चालला. दात एकमेकांवर वाजत होते. पलीकडे पोचल्यावर त्याने पट्टा सोडला आणि दगडावर बसला.

"झालं?" सुगंधाने विचारलं.

"डोळे उघडे होते."

"मग झालं की."

लहूने पट्ट्यावरचा मणी अंगठ्याने पुसला. "थरथर भरली गं. तो कड्यावर थरथरेल." त्याने पट्टा परत कपाळाला बांधला, कातळाला हात न लावता वळण ओलांडून अलीकडे आला आणि पुन्हा चालायला वळणाच्या सुरुवातीला उभा राहिला.