न कापलेला चौकोन

अयान्तूने केदिरला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि तेही तिच्याच गव्हात घुसलेलं. तिने ढेकूळ उचललंच होतं. त्याचं नशीब, तो वेळेवर वळला.

"बाई, चोर नाही मी. उपग्रहाचा माणूस आहे."

"उपग्रहाला पाय कधी फुटले?"

बालेच्या पठारावर उष्मा दरवर्षी वाढत होता. आभाळातून काढलेल्या फोटोंवरून गहू किती येईल याचा अंदाज बांधायचा, ही केदिरची नोकरी. अंदाज पडताळायला शेतात चार खुंट्या ठोकून पावलाभराचा चौकोन आखायचा, कापायचा, दाणे तोलायचे. खुंटी ठोकताना त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि अंगठाच ठेचला.

कापणीचं यंत्र आलं, सगळं शेत कापून गेलं. चौकोन तेवढा राहिला.

"उपग्रह वरून गेला की कापू," केदिर म्हणाला. "आज ढग आहेत."

पुढच्या खेपेलाही ढग होते. त्याच्या पुढच्या खेपेला आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "फार उंचावर आहेत. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत."

दर खेपेला तिच्या आणि तिच्या वडिलांच्या, आबांच्या, अंगणात कॉफी होई. तो धुळीने माखून, थकून येई. ती तर थकलेलीच असे. फारसं बोलणं नसे. दमलेल्या माणसाशेजारी दमून बसलं की बरं वाटतं, एवढं तिला कळलं होतं. गाव मात्र बोडक्या शेतावरच्या त्या शेंडीला हसत होतं.

एके सकाळी चौकोनापाशी उभा राहून तो म्हणाला, "बदली झाली, शहरातल्या कचेरीत. उद्या जीप न्यायला येतेय."

"मग कापा की."

तो जागचा हलला नाही.

"एक विचारू?" अयान्तू म्हणाली. "तुमच्या उपग्रहाला केवढं दिसतं?"

"दहा पावलांचा तुकडा म्हणजे एक ठिपका."

"आणि हा चौकोन?"

"...दिसत नाही. यंत्र यायच्या आधीच कापायला हवा होता."

"हे कधी कळलं?"

"नोकरीला लागलो तेव्हाच. पहिल्या आठवड्यात शिकवतात."

अयान्तू हसली, कितीतरी दिवसांनी. मग तिने एक ओंबी खुडून तळहातावर चोळली. दाणे बारीक, सुरकुतलेले.

"गहू वरून हिरवागार होता, आत हे. आता रात्रीसुद्धा गरम असतात, दाणा भरतच नाही. पुढच्या साली आणखी कमी येईल. आबा थकलेत. केदिर, मी हे शेत सोडून कुठे येणार नाही."

"'ये' असं कुठे म्हणतोय मी? बदली नाकारली तर गावोगाव धूळ खात हिंडावं लागेल, एवढंच. फक्त संध्याकाळी कुणाच्या अंगणात टेकायचं, ते पक्कं हवं." त्याने मान खाली घातली. "आबांकडे आमची म्हातारी मंडळी पाठवू... मागणी घालायला?"

तिने दाणे निवडून त्याच्या हातावर ठेवले.

"पाठव. पण सकाळीच पाठव. दुपारी ऊन फार होतं, आणि—" तिने तळहातावरचं फोलपट फुंकून टाकलं, "तोवर वाट बघण्याइतकी ताकद नाही उरली माझ्यात."