तेजू घरात हवी

हर्षालीने मोबाइलसमोर हात हलवला, आणि समोरच्या टेबलावरच्या अनोळखी तरुणाने लगबगीने तिला हात करत तिचं टेबल गाठलं.

सिन्नरच्या कारखान्याचं कॅन्टीन भरलेलं होतं. हर्षालीला हसू आवरेना. मोबाइलच्या पडद्यावर होती तिची बारा वर्षांची बहीण, तेजस्विनी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत दोघी अशाच, हातांनी गप्पा मारायच्या.

"माफ करा," तो कानांपर्यंत लाल झाला. "मला वाटलं, चहाला बोलावताय. मी महेश... अकाउंट्सला नवीन आलोय."

"आलाच आहात तर बसा. चहा मात्र तुमच्याकडून."

मग चहा रोजचाच झाला. तेजू पडद्यावरून महेशला खुणा शिकवायची. तो चुकला की पोट धरून हसायची. हर्षाली त्याची बोटं बघायची... आणि हळूच डोळे.

जानेवारीत करबचतीचे पुरावे गोळा करताना त्याने विचारलं, "वडील नाहीत, तेजूला तुम्हीच सांभाळता. मग ८०डीडीची वजावट का घेत नाही? तुमची करपद्धत जुनीच आहे. आपल्यावर अवलंबून असलेल्या बहिणीसाठीही ती मिळते. अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर पंचाहत्तर हजार, ऐंशीपासून सव्वा लाख. तेवढ्या उत्पन्नावर करच नाही. फक्त दिव्यांग प्रमाणपत्र लागतं."

"ते काढलंच नाही..." ती पुटपुटली. "आई म्हणते, कागदावर आलं की चारचौघांत बोभाटा होईल, माझं लग्न जमायचं नाही. पाहुणे बघायला आले की तेजूला सायखेड्याला मावशीकडे पाठवतात. या रविवारीही येणार आहेत."

"तिला काय सांगता?"

"मावशीने बोलावलंय म्हणून. पण आता तिला कळतं. काल न सांगताच पिशवी भरून बसली."

महेशने पुराव्यांची फाइल मिटली. "त्यांना नाही म्हणून कळवा. रविवारी मी येतो, बघायला. एकच अट... तेजू घरात हवी."

"आणि मी?"

"तुम्ही असाल, हे धरूनच चाललोय."

त्या संध्याकाळी हर्षालीने पाहुण्यांना नकार कळवला. आई अबोला धरून बसली. पण तेजू कुठेही गेली नाही.

रविवारी पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पोह्यांची ताटली तेजूनेच आणली. महेशने तिला काहीतरी खुणावलं. तिने त्याचं बोट सरळ केलं, पुन्हा करायला लावलं आणि टाळी वाजवली.

"काय म्हणतोय गं हा?" आई, लंकाबाई, महेशच्या पाठीमागच्या दारातून म्हणाली.

हर्षालीचे गाल तापले. "तो म्हणतोय... तुझी ताई मला फार आवडते."

आजवर घरी आलेलं एकही माणूस तेजूशी बोललं नव्हतं. लंकाबाई दोघांकडे बघत राहिली. मग पदर सारखा करत महेशला म्हणाली, "त्या कागदासाठी पोरीला कुठं न्यावं लागतं? मी बी येते."

"सिव्हिल हॉस्पिटलला. आधी मोबाइलवर अर्ज भरायचा." तो बोलत होता आईशी, बघत होता हर्षालीकडे. "पण ताईचं उत्तर अजून..."

"पालक म्हणून आईचं नाव लिहा," हर्षाली म्हणाली, "आणि फोन नंबर तुमचा. तिथे घरातल्या माणसाचाच लागतो."